खारूच्या टेबलाचा दिवा

हेड ऑफिसात त्यांना सगळे दिवेकाका म्हणत. आडनावाशी या नावाचा काही संबंध नव्हता. तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात एक अरुंद खोली होती. तिच्यात लोखंडी कपाटं, कपाटांत स्विच, आणि स्विचच्या तोंडावर बारीक हिरव्या दिव्यांच्या रांगा. काका दिवसभर त्या दिव्यांकडे बघत बसायचे, म्हणून दिवेकाका.

लोकांना वाटतं, नेट हवेतून येतं. हवेतून म्हणे, डोंबल! कुठेतरी एक केबल असतेच. ती भिंतीतून, छतावरून, उंदरांच्या वाटेनं येते आणि एका पसरट डब्यात जाऊन बसते. तो डबा म्हणजे स्विच. केबल जिथे बसते ते भोक म्हणजे पोर्ट, आणि पोर्टच्या डोक्यावरचा दिवा हिरवा असेल तर समजायचं की पलीकडे कोणीतरी आहे. एवढंच शास्त्र. पण एवढ्याशा शास्त्रावर काकांचं अख्खं आयुष्य गेलं. माल पोचवणारी कंपनी होती, गावोगावी गोदामं होती, आणि प्रत्येक गोदामातला प्रत्येक दिवा काकांना आपल्या खुर्चीवरून पडद्यावर दिसायचा.

सरळ बंद पडलेल्या पोर्टाचं काकांना काही वाटायचं नाही. मेलेलं मढं कुठे पळून जात नाही, ते म्हणायचे. त्यांचा राग होता तो उठाबशा काढणाऱ्या पोर्टावर. म्हणजे दिवा गेला, आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. तुम्ही बघायला जावं तर शहाण्यासारखा हिरवा. पाठ फिरवली की पुन्हा सुरू. असला पोर्ट माणसाला वेड लावतो. कधी केबलच्या टोकाची चाप तुटलेली असते, कधी तार आतून पिचलेली असते, कधी दोन्हीकडच्या वेगाचा मेळ बसत नाही, कधी कॉम्प्युटर वीज वाचवायच्या नादात डुलकी घेतो. काका एकेक शक्यता चाळणीतून गाळत जायचे आणि शेवटी चोर पकडायचेच. नेमकं कुठे पाणी मुरतंय ते त्यांना न सापडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

त्यांना एकच मुलगी. तिचं घरातलं नाव खारू, आणि ते नावही या केबलींनीच दिलेलं. शाळा सुटली की ती आईबरोबर घरी जायची सोडून बाबांच्या ऑफिसात येऊन बसायची. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात एक रिकामं टेबल होतं, तिथे तिचा अभ्यास चालायचा. कंटाळा आला की ती टेबलाखाली शिरून कॉम्प्युटरची केबल उपसायची. खाली काकांच्या पडद्यावर त्या टेबलाची ओळ लाल व्हायची. काका हातातलं काम टाकून जिना चढत यायचे आणि जिन्यातूनच ओरडायचे, "आलो गं, आलो. उंदीर आहे की खार?" टेबलाखालून उत्तर यायचं, "खार!" मग दोघं बाजूच्या टपरीवर जायचे. साहेब एकदा रागावले, तर काकांनी त्यांना तोंडावर सांगितलं की मी पोर्ट तपासतोय. खारू मोठी झाली आणि खेळ थांबला. आपण तरी कुठे आठवण ठेवतो असल्या गोष्टींची!

मग तिची आई आजारी पडली. साधा ताप छातीत उतरला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. बापलेक आळीपाळीनं बसायचे. एका दुपारी काकांची पाळी होती आणि हेड ऑफिसचा मुख्य स्विचच बसला. सगळी गोदामं ठप्प. फोनवर फोन. काकांनी खारूला बोलावून घेतलं, आत्ता येतो म्हणाले आणि गेले. स्विच उठवून परत आले तेव्हा पलंगावर चादर तोंडापर्यंत ओढलेली होती.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर खारू बसली होती. ती रडत नव्हती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही माणसासाठी येत नाही, बाबा. दिवा गेला की येता."

खोटं बोललेलं माणूस सहन करतो. खरं बोललं की पित्त खवळतं. काकांच्या नाकावर आधीच राग, त्यात बायको गेलेली, त्यात चार माणसं ऐकतायत. ते म्हणाले, "पुन्हा मला फोन करायचा नाही. केलास तरी मी उचलणार नाही."

बस, एवढंच झालं. असल्या वाक्यांना काय किंमत असते हो? रागात बोललेलं, चार दिवसांनी कोणीतरी एकानं विसरायचं असतं. पण खाण तशी माती. बाप शब्दाचा पक्का, तर मुलगी त्याहून पक्की. तिनं फोन केला नाही. काकांनी वाट बघितली, तिनं केला नाही. आपण करावा तर मान खाली जाते. असं करत महिने गेले आणि मग वर्षं. मधल्या काळात तिनं लग्न केलं, त्याची बातमी काकांना दुसऱ्याकडून कळली. घरी येऊन ते त्या दिवशी जेवले नाहीत.

गंमत बघा, नोकरी मात्र दोघांची एकाच कंपनीत. खारू बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावरच्या एका गोदामात मालाच्या नोंदी करायची. म्हणजे तिच्या टेबलाचाही एक दिवा होता, आणि तो काकांना खुर्चीवरून दिसायचा.

साध्या टेबलाच्या पोर्टावर कोणी पहारा बसवत नाही. पहारा असतो मोठ्या लाइनींवर. त्या पडल्या की फोनवर संदेश येतो. पण काकांनी गुपचूप या एका पोर्टावरही पहारा बसवला, आणि त्याचा संदेश फक्त आपल्या फोनवर येईल असं केलं. रोज सकाळी खारू कॉम्प्युटर सुरू करायची की काकांच्या खिशात फोन थरथरायचा. दिवा आला. म्हणजे पोरगी कामावर आली, म्हणजे ठीक आहे. मगच ते चहा मागवायचे. संध्याकाळी पुन्हा थरथर. दिवा गेला, म्हणजे घरी निघाली. एखाद्या सकाळी थरथर आली नाही तर दिवसभर काकांचं चित्त थाऱ्यावर नसायचं. तिकडच्या वायरमनला ते काहीतरी निमित्त काढून फोन लावायचे. त्या कपाटाचा पंखा चालतोय ना रे, धूळ पुसतोस ना रे. आणि शेवटी, जाता जाता, आज सगळी माणसं आलीत ना. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. तो वायरमन काही दुधखुळा नव्हता. त्यानं एकदा खारूला हसत हसत सांगून टाकलं, "ताई, तुमचा दिवा जरा लुकलुकला तरी हेड ऑफिसला घाम फुटतो." खारूनं ते ऐकून ठेवलं.

आणि एके दिवशी भर दुपारी तो पोर्ट उठाबशा काढायला लागला.

काकांच्या खिशात फोन थरथरला. दिवा गेला. लगेच थरथरला. आला. गेला, आला. थोडा वेळ शांत. मग पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच सुमाराला.

आता तुम्हाला कळलं असेल. अहो, शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण काकांना कळलं नाही, कारण काका नेटवर्कवाले होते. त्यांच्या डोक्यात पोर्ट उठाबशा काढतो तो बिघाडानं, आणि बिघाड शोधायचा असतो. ते कंबर कसून बसले.

आधी त्यांनी लाइनीवरचा कचरा मोजला. तार पिचलेली असली की तिच्यातून येणारी माहिती फाटकीतुटकी येते, त्याची मोजदाद स्विच ठेवतो. इथे कचरा शून्य. लाइन धुतल्या तांदळासारखी स्वच्छ. याचं काकांना नवल वाटलं. मग त्यांनी वायरमनला केबल बदलायला लावली. फरक नाही. स्विचवरचा पोर्ट बदलायला लावला, तर खोड त्या नव्या पोर्टावर गेली. म्हणजे दुखणं स्विचचं नव्हे, टेबलाकडचं. दोन्हीकडचा वेग बांधून टाकला. कॉम्प्युटरची डुलकी बंद करायला लावली. खोड जशीच्या तशी. वायरमननं कंटाळून विचारलं की काका, तुम्ही एकदा ताईंनाच फोन करून का विचारत नाही, टेबलाशी त्याच बसतात. काका म्हणाले, कामापुरतं बोल. कळसा काखेत होता आणि काका गावाला वळसा घालत होते.

त्या दिवशी घरी जाताना मात्र काकांच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो आला तसा ते रस्त्यातच थांबले. स्विचला एक नियम घालता येतो. एखादा पोर्ट फारच उठाबशा काढायला लागला तर स्विचनं तो आपणहून बंद करावा. आणि असा बंद झालेला पोर्ट उघडायचा तर कंपनीचा कायदा असा, की त्या टेबलावरच्या माणसानं स्वतः हेड ऑफिसला फोन करायचा. तिथे फोन कोण उचलतं? दिवेकाका.

म्हणजे खारूला फोन करावाच लागेल. घरचा नाही, कामाचा. यात तिचा शब्द मोडत नाही आणि आपलाही मोडत नाही. आपण कामाचं बोलू, तिलाही कामाचं बोलू दे. मग म्हणू, बरी आहेस ना? एवढं तर कोणीही विचारतं. माणसाचं डोकं किती चालतं बघा, सरळ फोन लावायचा सोडून बाकी सगळीकडे चालतं!

सकाळी आल्या आल्या काकांनी नियम घातला. दुपारी पोर्ट गेला, आला, गेला, आला, आणि मग गेला तो गेलाच. स्विचनं दार लावून घेतलं. काकांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. घसा साफ केला. खोलीचं दार आतून लोटलं, कुणी मधे नको.

फोन आला नाही.

त्यांना वाटलं, फोन करायला हवा हे तिला सांगायला वायरमन नसेल जागेवर, उद्या येईल फोन. एरवी नेट गेलं की लोक दुसऱ्या मिनिटाला बोंब ठोकतात. इथे बोंब नाही, तक्रार नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता सकाळची थरथरही येईना, कारण पोर्टच बंद. काकांचा चहा सुटला. पोर्ट उघडावा असं दर तासाला मनात यायचं. पण उघडला तर ती फोन करणार नाही, आणि आज ना उद्या ती नक्की करेल. एवढ्या वर्षांनी एवढं जवळ आलंय, आता हातचं घालवायचं नाही. जेवायच्या सुट्टीतही ते खुर्चीवरून हलेनात. चपराशी म्हणाला, काका, अंडी उबवताय का? काका चक्क हसले.

आणि मग फोन वाजला. काकांनी तो थोडा वाजू दिला, आपण टपून बसलोय असं तिला वाटायला नको. मग उचलला आणि अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "हेड ऑफिस, नेटवर्क."

पलीकडे जावई होता. दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच बोलणं होत होतं. तो म्हणाला की खारू गेली. हृदयाची झडप खराब होती, ऑपरेशन ठरलं होतं, काल झालं, आणि आज सकाळी ती गेली. काकांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्यानं पुन्हा सांगितलं. मग त्यानं, आवाजात काही न ठेवता, विचारलं, "तिनं कळवलं होतं ना तुम्हाला? मला म्हणाली होती, बाबांना मी माझ्या पद्धतीनं कळवते."

काका म्हणाले, नाही, मला काहीच कळवलं नाही. जावयानं फोन ठेवून दिला. पोटची लेक मरायला टेकली तरी न फिरकणारा सासरा आता खोटंही बोलतोय, असंच त्याला वाटलं असणार, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

काका तिकडे गेले. लेकीचं तोंड बघितलं. ती फार बारीक झाली होती. जे करायचं ते सगळं झालं, आणि सगळा वेळ त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. कळवते म्हणाली, मग कळवलं का नाही? मला म्हाताऱ्याला शेवटी इतकं परकं धरलं? रडूही येईना. रागही धड येईना.

पुढे गोदामाचा निरोप आला, की त्या टेबलावर नवीन माणूस बसवायचा आहे, पोर्ट उघडून द्या. हे काम खुर्चीवरून होतं, बोट आपटायचा अवकाश. पण काकांनी बस धरली.

गोदाम म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, तिच्या एका टोकाला काचेची खोली, आणि खोलीत चार टेबलं. खिडकीकडचं खारूचं. टेबल पुसून ठेवलं होतं. खुर्चीच्या पाठीला एक पातळ स्वेटर मात्र तसाच लटकत होता; कुणाला काढायचा धीर झाला नसेल. शेजारच्या टेबलावरच्या ताई उठल्या, पाणी दिलं. काका खारूच्या खुर्चीत बसले, बरोबर आणलेला छोटा कॉम्प्युटर उघडला आणि तो नियम काढून पोर्ट उघडला. मग टेबलावरचा कॉम्प्युटर सुरू केला; त्याची केबल टेबलाखाली भिंतीशी होती. दिवा हिरवा झाला. खिशात फोन थरथरला.

काहीतरी बोलायचं म्हणून काकांनी ताईंना विचारलं की हा पोर्ट मधे फार त्रास देत होता, तुमच्या काही लक्षात आलं होतं का. केबल बदलली, सगळं बदललं, कारण काही मिळालं नाही.

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना आधी वाटलं, हा माणूस मुद्दाम विचारतोय. मग त्यांच्या लक्षात आलं की याला खरंच माहीत नाही. त्यांनी आपली खुर्ची जवळ घेतली.

त्यांनी सांगितलं ते असं. खारूला बरेच दिवस दम लागत होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा ती घाबरली, आणि पहिली गोष्ट बोलली ती ही, की बाबांना सांगायला हवं. ताई म्हणाल्या, अगं मग लाव फोन. तर म्हणाली, फोन करायचा नाही असं सांगितलंय त्यांनी, आणि मी केला नि त्यांनी खरंच उचलला नाही तर ते मला आता सोसणार नाही. ताई म्हणाल्या, मी लावते. तर शपथ घातली. मग दुपारी, जेवण झाल्यावर, ती खुर्चीवरून खाली उतरून टेबलाखाली बसायची. दम लागायचा तरी बसायची. केबल काढायची, घालायची, काढायची, घालायची. ताईंनी विचारलं, हे काय पोरखेळ चाललेत?

"म्हणाली, बाबांना बोलावतेय. दिवा गेला की ते येतात. लहानपणी दरवेळी यायचे."

काकांनी वाकून टेबलाखालच्या केबलकडे बघितलं.

ताई म्हणाल्या की मग एके दिवशी तिनं केबल घातली आणि दिवा आलाच नाही. तिनं पुन्हा काढून घातली. थोडा वेळ बघत बसली. वायरमननं सांगितलं की हेड ऑफिसनं बंद केलाय, फोन करा म्हणजे उघडतील. ती नको म्हणाली. तूही त्यांना कळवू नकोस, असं वायरमनला म्हणाली. मग राहिलेले दिवस तिनं ताईंच्याच कॉम्प्युटरवर काम केलं.

"काही म्हणाली का?" काकांनी विचारलं.

ताईंना ते सांगायचं नव्हतं. पण काका बघत राहिले, तेव्हा त्यांनी सांगितलं. "म्हणाली, बाबांनी दार लावून घेतलं."

काकांनी मान हलवली, एखाद्या साध्या बिघाडाचं कारण कळल्यावर हलवायचे तशी. दोन माणसं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना हात आपटत होती. तिनं हाक मारली तर त्यांनी वेग तपासला, कचरा मोजला, केबल बदलली. आणि त्यांनी हाक मारली ती दार लावून. तिला फोन करायला लागावा म्हणून. हे आता कुणाला समजावून सांगायचं? ताईंना? जावयाला? ज्या एका माणसाला सांगायचं होतं ते माणूस तर नव्हतं.

ताई चहा सांगायला म्हणून बाहेर गेल्या. खरं तर त्यांना तिथे बसवेना.

काका खुर्चीवरून उतरले. गुडघे दुखत होते, तरी ते टेबलाखाली शिरले आणि भिंतीला टेकून बसले. तिथून खोलीतलं कोणी दिसत नव्हतं, फक्त खुर्च्यांचे पाय आणि वर लटकणारी स्वेटरची बाही. त्यांनी केबलची चाप दाबली आणि केबल काढली.

खिशात फोन थरथरला. दिवा गेला.

त्यांनी केबल घातली. जरा वेळ गेला. फोन थरथरला. दिवा आला. त्यांनी पुन्हा काढली. पुन्हा थरथर. त्या पोर्टाचा संदेश जगात एकाच माणसाच्या फोनवर जात होता, आणि तो माणूस इथे टेबलाखाली बसला होता. हेड ऑफिसात जिन्याच्या पोटातल्या त्या खोलीत आत्ता कोणी नव्हतं.

ताई चहा घेऊन आल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती. टेबलाखालून बारीक आवाज येत होता. त्या वाकल्या. काका केबल हातात धरून बसले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं. दर थरथरीला ते एकच म्हणत होते.

"आलो गं. आलो."